फुलांचे तेल : काढतात कसे, वापरावे कसे?

'शंभर टक्के नैसर्गिक' अशी चिठ्ठी लावलेली सुगंधी तेलाची बाटली दाखवून रुग्ण विचारतात, "डॉक्टरसाहेब, याचे दोन थेंब पोटात घेतले तर चालतील ना?" उत्तरापूर्वी हे तेल कसे काढतात ते पाहू.

आपल्याकडची जुनी पद्धत भट्टीची. खानदेश-वऱ्हाडच्या जंगलातले रोशा म्हणजेच तिखाडी गवत फुलोऱ्यावर आले की कापून भट्टीवर चढवतात. वाफेबरोबर तेल येते आणि वाफ थंड झाली की पाण्यावर तरंगते. सांधेदुखीवर चोळायला जुनी माणसे हे तेल वापरत. रोशाला उष्णता सोसते. मोगरा-जाईचा नाजूक सुगंध मात्र तिने बिघडतो. म्हणून त्यांचा अर्क हेक्झेन या खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रावकाने काढतात. त्याचा थोडा अंश अर्कात राहू शकतो.

यावर उपाय म्हणजे 'सुपरक्रिटिकल' पद्धत. सोडावॉटरमधला कार्बन डायऑक्साइड वायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या ७३ पटींहून अधिक दाबाखाली ठेवला, की तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही नाही. वायूसारखा तो पाकळ्यांत शिरतो, द्रवासारखा तेल विरघळवतो. दाब काढला की वायू उडून जातो, तेल मागे राहते. कॉफीतले कॅफिनही असेच काढतात. एवढा दाब सोसणारी यंत्रे महाग, म्हणून तेलही महाग.

या तेलात द्रावक उरत नाही, हे खरे. पण तेवढ्याने ते औषध ठरत नाही. एक किलो गुलाबतेलासाठी तीन-चार हजार किलो फुले लागतात, यावरून या तेलांची तीव्रता ध्यानात यावी. म्हणून पुढील पथ्ये पाळा :

१) कोणतेही सुगंधी तेल आपल्या मनाने पोटात घेऊ नका.

२) तान्ह्या बाळाच्या नाकात किंवा नाकाजवळ लावू नका.

३) अंगाला नुसते लावू नका. चमचाभर खोबरेल तेलात एक-दोन थेंब मिसळा. आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस पाहा. खाज किंवा लाली आल्यास वापरू नका.

४) गर्भवती, दमेकरी व फिट्स येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे.

५) बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. निलगिरीचे तेल चमचाभर गिळल्यानेही लहान मूल बेशुद्ध होऊ शकते, त्याला झटके येऊ शकतात. असे झाल्यास उलटी करवू नका. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.