बोट चाटलं आणि गोडी सापडली

प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही, हा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचा पहिला धडा. पण बाजारातल्या बड्या कृत्रिम गोडव्यांचा शोध लागला तो हाच धडा मोडल्यामुळे!

1879 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दगडी कोळशाच्या डांबरातल्या रसायनांवर काम करणारा कॉन्स्टंटिन फालबर्ग हात न धुता जेवायला बसला. पाव गोड लागला. ते सॅकरिन. 1937 मध्ये अमेरिकेतच मायकेल स्वेडाला ओठातली सिगारेट गोड लागली आणि सायक्लमेट सापडलं. 1965 मध्ये जेम्स श्लाटरने कागद उचलण्यासाठी बोट जिभेला लावलं आणि ॲस्पार्टेम हाती आलं. दोन वर्षांनी जर्मनीत कार्ल क्लाउसनेही तसंच बोट चाटलं. ते एसेसल्फेम-के.

आणि 1976 ची लंडनमधली गोष्ट ऐकताना मराठी कान टवकारतात, कारण नायकाचं नाव शशिकांत फडणीस. साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून काय होतं, ते क्वीन एलिझाबेथ कॉलेजात तपासलं जात होतं. प्राध्यापक लेस्ली हफ यांनी एका पदार्थाची ‘टेस्ट’ घ्यायला सांगितलं, फडणीसांनी ‘टेस्ट’चा अर्थ चव असा घेतला आणि पूड थेट जिभेवर ठेवली. साखरेच्या सुमारे 600 पट गोड सुक्रॅलोज जगाला मिळालं ते असं.

राष्ट्राध्यक्ष भडकले

सॅकरिनवरचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेचे सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांना त्यावर बंदी हवी होती. ते बोलले नेमके थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर, आणि रूझवेल्ट डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज सॅकरिन घेत होते! राष्ट्राध्यक्ष संतापले आणि बंदी बारगळली.

1977 मध्ये कॅनडातल्या प्रयोगात सॅकरिन खाणाऱ्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. अमेरिकेत पाकिटांवर धोक्याचा इशारा छापणं सक्तीचं झालं. पुढे उलगडा झाला. प्रचंड मात्रेत सॅकरिन दिलं की उंदराच्या लघवीत बारीक खडे धरतात, ते मूत्राशयाचं अस्तर खरवडतात आणि त्यातून गाठ होते. माणसाची लघवी वेगळी, तिच्यात असं घडत नाही. 2000 साली इशारा काढून टाकला गेला.

मग 2023 मध्ये एवढा गलका कशाचा?

त्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘2बी’ गटात टाकलं, म्हणजे ‘कर्करोगाची शक्यता, पण पुरावा तोकडा’. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि पारंपरिक आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही. ही यादी एखादी वस्तू अपाय करू शकते का, एवढंच पाहते. किती खाल्ल्यावर, ते ती सांगत नाही. तो हिशोब दुसऱ्या समितीकडे असतो आणि तिने त्याच वेळी जुनी मर्यादा कायम ठेवली: दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे 40 मिलिग्रॅम.

आता मांडा आकडे. साठ किलोच्या माणसासाठी हे झाले 2400 मिलिग्रॅम. एका गोळीत 20 मिलिग्रॅम धरलं तर रोज 120 गोळ्या. चहात दोन गोळ्या टाकणाऱ्या आजोबांना या बातमीने घाबरवून सोडणं मला अन्यायाचं वाटतं.

पण वजन?

इथे मात्र मी सावध होते. त्याच वर्षी मे महिन्यात आरोग्य संघटनेने सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोडव्यांवर विसंबू नका. थोड्या काळाच्या प्रयोगांत वजन किंचित उतरतं, पण वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसतात. यात एक मोठी मेख आहे: ज्यांचं वजन आधीच वाढलेलं असतं, तेच या गोळ्यांकडे वळतात. म्हणून कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे ठरवणं अवघड. शिवाय ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांच्यासाठी तो सल्ला नव्हताच. बातम्यांत नेमकं हेच वाक्य गळालं.

आतड्यातल्या जिवाणूंचा प्रश्नही उघडा आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2022 मध्ये 120 निरोगी माणसांवर प्रयोग केला. मर्यादेच्या आतल्या मात्रेतही सॅकरिन आणि सुक्रॅलोजमुळे काहींची रक्तशर्करेची प्रतिक्रिया बिघडली. सगळ्यांची नाही, काहींचीच. तुमचं शरीर कुठल्या गटात बसतं, ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आपल्या चहाचं काय? चेन्नईतल्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने 179 मधुमेहींना घेऊन बारा आठवडे हेच तपासलं. निम्म्यांनी चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रॅलोज घातलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दोन्ही गटांत सारखीच राहिली. वजन आणि कंबर मात्र थोडी उतरली. चमचाभर साखरेत 16 ते 20 कॅलरी. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे, तर 130 ते 160 कॅलरी वाचतात. फायदा खरा आहे, पण तो साखर टाळण्याचा आहे. गोळीत औषधी गुण नाही.

म्हणूनच दिवाळीतली ‘शुगर फ्री’ मिठाई बघून जीव कळवळतो. साखर गेली, पण खवा, तूप, काजू तिथेच आहेत. मधुमेही माणूस निर्धास्तपणे चार तुकडे उचलतो आणि घरचेही आग्रह करतात.

पटापट

ॲस्पार्टेम फार वेळ उकळलं की त्याची गोडी जाते. खीर करायची तर सुक्रॅलोज टिकतं.

‘मी असलं काही घेत नाही’ म्हणणाऱ्यांनी टूथपेस्टची ट्यूब वाचावी. अनेक पेस्टमध्ये सॅकरिन असतं.

पाकिटावर नाव सापडत नसेल तर आकडे पाहा: 950 एसेसल्फेम-के, 951 ॲस्पार्टेम, 954 सॅकरिन, 955 सुक्रॅलोज, 960 स्टीव्हिया.

फिनाइलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात आजार असलेल्यांनी ॲस्पार्टेमला हात लावू नये. त्यांच्यासाठी ते खरोखर घातक आहे.

सुक्रॅलोजचा बराचसा भाग शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो. नदीत सांडपाणी मिसळतंय का, हे शोधायला संशोधक त्याचाच माग काढतात.

घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचं च्युइंगम उघड्यावर ठेवू नका. माणसाला ते चालतं, पण कुत्र्याची रक्तशर्करा त्याने धाडकन उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. खाल्लंच तर वाट न पाहता थेट पशुवैद्यांकडे न्या.