ओसीटी करताना डोळा हलला तर रिपोर्ट चुकतो का?

मधुमेहामुळे किंवा वयोमानानुसार डोळ्याच्या पडद्याला त्रास झालेल्या रुग्णांना नेत्रतज्ज्ञ वरचेवर ओसीटी तपासणी करायला सांगतात. तपासणीनंतर अनेक जण काळजीने विचारतात, "डॉक्टर, माझा डोळा मध्येच हलला. आता रिपोर्ट चुकेल का?" प्रश्न रास्त आहे. डोळ्यात इंजेक्शन द्यायचे की थांबायचे, हे ठरवताना या चित्रांचा मोठा आधार असतो.

डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो

एका ठिपक्याकडे टक लावून पाहतानाही डोळा हळूहळू सरकत असतो आणि मधूनमधून बारीक झटके घेतो. हा आजार नाही. उलट, एखादे चित्र पडद्यावर एकाच जागी रोखून धरले, तर ते काही सेकंदांत नजरेसमोरून विरून जाते. नीट दिसण्यासाठी ही हालचाल लागतेच.

मशीन हालचालीचा उपयोग कसा करते?

ओसीटीमध्ये एक्स-रे नसतो. प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांचे चित्र घेतले जाते. मध्यभागी पडद्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते, त्यामुळे थोडीशी हालचालही चित्र बिघडवू शकते. म्हणून बऱ्याच नव्या मशीनमध्ये डोळ्याचा माग घेण्याची सोय असते. पडद्यावरील रक्तवाहिन्या खुणेसारख्या वापरून डोळा किती सरकला हे मशीन ओळखते आणि प्रकाशाचा किरण तेवढाच सरकवते. पापणी लवली, तर तेवढा भाग पुन्हा घेते.

यानंतर एकाच जागेची अनेक चित्रे जुळवून त्यांची सरासरी काढली जाते. प्रत्येक चित्रात थोडा रवाळपणा असतो. डोळा किंचित हलल्यामुळे तो दर वेळी वेगळा पडतो, पण पडद्याचे थर तेच राहतात. सरासरीत रवाळपणा कमी होतो आणि थर स्पष्ट दिसतात. म्हणजे योग्य मोजलेली बारीक हालचाल चित्राला मदतच करते.

पुढच्या तपासणीत याच खुणांवरून नेमकी जुनी जागा शोधता येते. त्यामुळे सूज खरोखर कमी झाली की नाही, हे कळते.

मोठी हालचाल, कोरडा डोळा, दाट मोतीबिंदू किंवा डोळे सतत थरथरण्याचा विकार असेल, तर मात्र चित्र बिघडू शकते. तेव्हा तंत्रज्ञ तपासणी पुन्हा करतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

तुम्ही काय करावे?

• हनुवटी आणि कपाळ आधाराला नीट टेकवा. मान अवघडली तर लगेच सांगा.
• दाखवलेल्या खुणेकडे पाहा. फिरणाऱ्या प्रकाशामागे नजर नेऊ नका.
• पापण्या जबरदस्तीने रोखू नका. डोळा कोरडा पडला की चित्र धूसर येते.
• खूण दिसत नसेल तर अंदाजाने पाहू नका, तसे सांगा. दुसऱ्या डोळ्याला खूण दाखवून तपासणी करता येते.
• शक्यतो दर वेळी एकाच प्रकारच्या मशीनवर तपासणी करा आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. वेगवेगळ्या मशीनचे जाडीचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.

डोळा हलला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. शंका असेल तर "चित्र पुरेसे स्पष्ट आले आहे का?" असे नेत्रतज्ज्ञांना विचारा. मात्र सरळ रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या किंवा नजर एकदम कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा.