दुष्काळांतील गर्भवती व तिच्या पोटांतील मूल

दुष्काळनिवारणास साह्य करणाऱ्या सर्व उदार व्यापारी, जमीनदार व इतर सद्गृहस्थांस सविनय निवेदन.

अन्नछत्रांत पानें मोजलीं जातात. परंतु गर्भवतीच्या पानावर दोन जीव जेवत असतात, हें पुष्कळदां लक्षांतून सुटतें. तिला अन्न कमी पडलें असतां पोटांतील मुलाचें काय होतें, हें दात्यांस कळावें म्हणून पुढील माहिती देत आहों.

याचें ठळक उदाहरण हॉलंडांत घडलें. १९४४ च्या सप्टेंबरांत तेथील रेल्वेकामगारांनीं संप केल्यावर जर्मन सैन्यानें पश्चिम भागाकडे जाणारें अन्न अडविलें. पुढें थंडीनें कालवेही गोठले. १९४५ च्या मे महिन्यांत सुटका होईपर्यंत शहरांत हाहाकार होता. माणशीं रोजचा शिधा कांहीं काळ ४०० ते ८०० उष्मांकांवर आला. पुढें जन्मनोंदी तपासल्या, तेव्हां असें आढळलें कीं, ज्या मातांस शेवटच्या तीन महिन्यांत उपासमार घडली, त्यांचीं मुलें सरासरीनें सुमारें ३०० ग्रॅम हलकीं जन्मलीं. ज्यांस आरंभीं टंचाई सोसावी लागली व पुढें अन्न मिळालें, त्यांचीं मुलें वजनानें ठीक होतीं. पण प्रौढपणीं त्यांच्यांत हृदयविकाराचें प्रमाण अधिक दिसलें. तात्पर्य, गर्भारपणाचा कोणताही महिना उपासमारीस निर्धोक नाहीं.

३७ आठवडे भरण्यापूर्वीं जन्मलेलें मूल मुळांतच नाजूक असतें; त्यांत गर्भांतच वाढ खुंटलेली असल्यास संकट दुणावतें. अशा वेळीं पुष्कळदां मातेचा रक्तदाब चढलेला असतो, वारेंतून रक्त पुरेसें जात नाहीं, आणि मातेनें खाल्लेलें अन्नही मुलास पोंचत नाहीं. पंडुरोग, हिवताप, तंबाखू व मिश्री, कोंवळें वय, आणि लागोपाठचीं बाळंतपणें हींही वाढ खुंटण्याचीं कारणें होत.

केवळ धान्यानें भागत नाहीं, हेंही ध्यानांत घ्यावें. पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाले. हिरव्या पालेभाज्या व फळें वरचेवर खाणाऱ्या गर्भवतींचीं मुलें जन्मतः अधिक भरलेलीं असल्याचें तींत दिसून आलें.

यास्तव गर्भवतीस धान्याबरोबर डाळ, दूध, पालेभाजी व लोहाच्या गोळ्या मिळाव्या, तिचा रक्तदाब वेळोवेळीं तपासला जावा, आणि दुष्काळी कामावर तिच्या डोक्यावर मातीची पाटी येऊं नये. आपल्या देणगीचा कांहीं भाग या कामीं निराळा राखून ठेवावा, अशी सर्व दात्यांस नम्र विनंती आहे.