जिंझूकाठची माती

खोकल्याची उबळ आली आणि बरगडी मोडली, असे कधी ऐकले आहे? जपानमध्ये तोयामा प्रांतात, जिंझू नदीच्या काठी अशा कितीतरी बायका होत्या. बहुतेक चाळिशी उलटलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या, जन्मभर भातखाचरात राबलेल्या. कूस बदलली तरी तोंडून ‘इताई, इताई’ असे शब्द निघत. आपण ‘आई गं, आई गं’ म्हणतो ना, तसेच. रोगाचे नावही तेच पडले.

नोबोरू हागिनो नावाच्या तिथल्याच डॉक्टरांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडली. ठिपके पडले ते नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या शिवारात. नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्त-शिशाची खाण होती, मित्सुई कंपनीची. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम येते. ते पाण्यातून पाटात, पाटातून मातीत आणि तिथून भातात उतरले. कॅडमियमने मूत्रपिंडे नासली की हाडांना बळकटी देणारी द्रव्ये लघवीवाटे निघून जातात आणि हाडे मऊ पडतात. १९६८ साली सरकारने हे कारण मान्य केले आणि १९७२ साली अपिलातही गावकरी जिंकले.

निकाल लागला, पण माती होती तशीच राहिली. कॅडमियम हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, विरत नाही. भाताची मुळे जिथे पसरतात, त्याच वरच्या थरात ते ठाण मांडून बसते. मग उपाय काय? जो निघाला तो कुणाही शेतकऱ्याला सुचला असता, फक्त परवडला नसता. खाचरात चर खणायचे, वरची विषारी माती त्यात गाडायची, वर खालची चांगली माती दाबून घट्ट थर करायचा आणि त्यावर डोंगरातून आणलेली साधारण वीतभर नवी माती पसरायची. १९७९ साली सुरू झालेले हे काम २०१२ साली संपले. तेहतीस वर्षांत ८६३ हेक्टर जमीन सुधारली आणि खर्च आला सुमारे ४,००० कोटी येन! यातला निम्म्याहून अधिक पैसा सरकारी तिजोरीतून गेला, हे मात्र खटकते.

इतका खर्च सर्वत्र शक्य नाही. म्हणून जपानी शेतकरी पाण्याचीही मदत घेतात. भात निसवण्याच्या सुमारास खाचर पाण्याने भरलेले ठेवले, की कॅडमियम गंधकाशी बांधले जाते आणि मुळांना मिळत नाही. खाचर वाळले की ते पुन्हा मोकळे होते. पण मेख अशी, की पाणी तुंबले की मातीतले आर्सेनिक सुटते. एकाला दाबावे तर दुसरे डोके वर काढते! यावर शास्त्रज्ञांनी भाताचे नवे वाण काढले. मँगनीज ज्या वाटेने मुळात शिरते, त्याच वाटेने कॅडमियमही घुसते. या वाणात ती वाटच बंद आहे.

कामिओकात खनिज काढणे २००१ साली थांबले. पण खाणीतल्या गाळाचे ढीग आणि तिथून झिरपणारे पाणी आहेच. १९७२ च्या करारात गावकऱ्यांनी एक हक्क पदरात पाडून घेतला होता: कधीही आत जाऊन तपासणी करण्याचा, तोही कंपनीच्या खर्चाने. शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन ते डोंगर चढतात, सांडपाण्याचे नमुने बाटलीत भरतात. आज त्यांत खटला लढलेल्यांची नातवंडेही असतात.