तळहातावरची मॉरिस

माझ्या टेबलावर पेपरवेटशेजारी बोटभर लांबीची एक मोटार उभी असते. रंगाचे टवके उडालेले, एक टायर गेलेला. ही मॉरिस कौली. कॉर्गी टॉइजने 1956 साली पहिल्यांदा बाजारात आणलेल्या मोटारींपैकी एक. लंडनच्या एका जुन्या बाजारातून ती घेतली, तेव्हाच तिला नवा रंग द्यायचे ठरवले होते. तो बेत मी सोडला. का सोडला, ते सांगण्याआधी अशी प्रतिकृती वाचायची कशी, ते पाहू.

आधी आकार. संग्राहकांमध्ये 1:43 हे प्रमाण रूढ आहे. हा विचित्र आकडा मोटारींचा नाही, आगगाड्यांचा आहे. ब्रिटनमधल्या ‘ओ गेज’ खेळण्यांत एका फुटाला 7 मिलिमीटर धरतात, 304.8 ला 7 ने भागले की सुमारे साडेत्रेचाळीस येतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने आपल्या आगगाड्यांभोवती मांडण्यासाठी मोटारी बनवल्या, आणि 1934 पासून त्या डिंकी टॉइज म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पुढे आगगाड्या बाजूला पडल्या, प्रमाण मात्र उरले. तरी कारखानदार काटेकोर नव्हते. खऱ्या कौलीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर 2464 मिलिमीटर. 1:43 मध्ये ते सुमारे 57 भरायला हवे. माझ्या गाडीत ते त्याहून कमी भरते.

आता खिडक्या. डिंकीच्या त्या काळच्या मोटारींच्या खिडक्या म्हणजे नुसती भोके. कॉर्गीने त्यांत पारदर्शक प्लास्टिक बसवले आणि जाहिरातींतून त्याचाच गाजावाजा केला. कॉर्गीची मूळ कंपनी मेट्टॉय. हिटलरच्या उदयानंतर न्यूरेंबर्ग सोडून आलेले ज्यू कारखानदार फिलिप उलमन यांनी ती 1933 साली नॉर्दम्प्टनमध्ये काढली. कॉर्गीच्या मोटारी वेल्समधल्या स्वान्सीत बनत, म्हणून वेल्सच्या कुत्र्याच्या जातीचे नाव. खिडक्या आल्या, पण आत सीट अजून नव्हत्या. काचेतून डोकावले की पोकळीच दिसते.

गाडीचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबाखाली ओतलेले. त्यात शिसे मिसळले गेले, तर वर्षानुवर्षांनी धातू फुगतो, तडकतो, शेवटी भुगा होतो. युद्धपूर्व डिंकींचे असे पुष्कळ नुकसान झाले आहे आणि त्यावर इलाज नाही. म्हणून जुनी गाडी हाती आली की आधी बारीक चिरा शोधाव्यात. मग ती उलटी करावी. तळाचा पत्रा रिव्हेटांनी बसवलेला असतो. नव्याने रंगवायचे तर त्या ड्रिलने उडवाव्या लागतात. रिव्हेटांची डोकी शाबूत असतील, तर गाडी बहुधा कोणी उघडलेली नाही.

माझ्या गाडीच्या रिव्हेटा शाबूत होत्या. मी ड्रिल आणले, रंग आणला. त्या रविवारी वडील घरी आले. ते सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. उभी हयात अँबेसेडरवर गेली. त्यांनी चष्मा लावला, गाडी तळहातावर घेऊन फिरवली आणि म्हणाले, “ही अँबेसेडर नव्हे. बॉनेट वेगळं आहे, आणि मागच्या मडगार्डांना टोकं नाहीत. ही लँडमास्टर.”

त्यांचे बरोबर होते. दुसऱ्या मालिकेच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून हिंदुस्थान मोटर्सने लँडमास्टर बनवली; कौली म्हणजे त्याच ऑक्सफर्डची स्वस्त बहीण. तिसऱ्या मालिकेत बॉनेट बदलले, मागे टोके आली, आणि त्या रूपावरून झालेली अँबेसेडर उत्तरपाड्यात 2014 पर्यंत बनत राहिली. स्वान्सीच्या कारागिरांनी मुलांसाठी केलेल्या खेळण्यात हा फरक इतका नेमका उतरला होता की, इंग्लंड कधीही न पाहिलेल्या एका ड्रायव्हरला तो चष्म्यातून ओळखता आला.

“हिला रंग देणार आहे,” मी म्हटले.

“कशाला? सेकंडहँड गाडी ताजी रंगवलेली दिसली की आम्ही घेत नसू. खाली पत्र्याचं काय झालंय, ते कळत नाही.”

ड्रिल मी कपाटात ठेवून दिले. टवके उडालेल्या जागी धातू करडा दिसतो. कुठल्या मुलाने ती कशावर आपटली असेल, कोण जाणे. तेवढा पुरावा तरी मी पुसलेला नाही.