एका मुलामागे एक माणूस

गरिबी, आई किंवा वडिलांचा मृत्यू अथवा तुरुंगवास, घरातले व्यसन, मारहाण अशा परिस्थितीत वाढणाऱ्या मुलाला घराबाहेरच्या एका प्रौढ व्यक्तीची नियमित आणि दीर्घ सोबत मिळवून देणे, याला मेंटॉरिंग म्हणतात. मेंटॉर शिकवणी घेत नाही, उपचार करत नाही, पालकांची जागाही घेत नाही. ठरलेल्या दिवशी यायचे, मुलाबरोबर खेळायचे, फिरायचे आणि त्याचे ऐकून घ्यायचे, एवढेच त्याचे काम. हे काम दिसते त्याहून कितीतरी अवघड आहे.

एक माणूस पाठीशी असल्याने किती फरक पडतो, याचा चांगला पुरावा हवाई बेटांपैकी कवाई बेटावर मिळाला. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांच्या आयुष्याचा अनेक दशके मागोवा घेतला. अनेक संकटांत सापडलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले तरीही समर्थ, सुस्वभावी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात आजी, शेजारी, शिक्षक असे कुणीतरी विश्वासाचे मोठे माणूस होते. असे माणूस ज्याला आपसूक लाभत नाही, त्याला ते मिळवून द्यायचे, हा मेंटॉरिंगमागचा विचार.

या विचाराला संघटित रूप मिळाले ते न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या बालन्यायालयातील कारकून अर्नेस्ट कूल्टर यांच्यासमोर रोज नवी मुले आरोपी म्हणून उभी राहत. १९०४ साली त्यांनी एका चर्चच्या पुरुष मंडळापुढे ही व्यथा मांडली. चाळीस सभासदांनी प्रत्येकी एका मुलाचा ‘मोठा भाऊ’ होण्याचे मान्य केले. त्याच सुमारास काही कॅथलिक महिला मुलींसाठी असेच काम करत होत्या. हे दोन प्रवाह १९७७ मध्ये ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेत एकत्र आले.

या संस्थेच्या कामाची १९९० च्या दशकात कसून पाहणी झाली. दहा ते सोळा वयाच्या ९५९ मुलांपैकी निम्म्यांना लगेच मेंटॉर मिळाले, उरलेली प्रतीक्षायादीत राहिली. कोण कुठे जाणार, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते. दीड वर्षानंतर पाहिले, तर मेंटॉर लाभलेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांकडे वळण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि दारूकडे वळण्याचे २७ टक्क्यांनी कमी होते. शाळा बुडवणेही बरेच घटले होते. गुणांमधली सुधारणा मात्र किरकोळ होती.

याच माहितीचा जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी पुन्हा अभ्यास केला. २००२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष प्रत्येक इच्छुक स्वयंसेवकाने वाचावा असा आहे. वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला. तीन महिन्यांच्या आत मेंटॉर निघून गेला, तिथे मुलाचा स्वतःविषयीचा विश्वास उलट खालावला. ज्याला मोठी माणसे आधीच दुरावली आहेत, अशा मुलाला आणखी एकाचे जाणे स्वतःच्या नालायकीचा पुरावा वाटू शकते. म्हणून उत्साहाच्या भरात नाव नोंदवून दोन महिन्यांनी गायब होणाऱ्यापेक्षा न येणारा बरा.

नुसता काळही पुरेसा नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात मुलांना सरासरी पाच वर्षे मदत मिळाली. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्यांचा शोध घेतला. मदत न मिळालेल्यांच्या तुलनेत या मुलांचे आयुष्य काही बाबतींत अधिक बिघडलेले निघाले. मदत सद्‌हेतूने केली, म्हणजे ती उपयोगी पडलीच, हे त्यानंतर कुणाला गृहीत धरता आले नाही.

त्यामुळे चांगल्या संस्था निवडीवर वेळ घालवतात. उमेदवाराची पार्श्वभूमी तपासतात, ओळखीच्यांकडे चौकशी करतात, प्रशिक्षण देतात, पालकांची संमती घेतात, आवडीनिवडी पाहून जोडी जुळवतात. पुढे संस्थेचा कार्यकर्ता मूल, पालक आणि मेंटॉर या तिघांशी वेगवेगळे बोलत राहतो. मुलाच्या सुरक्षिततेसाठी हे बोलणे अत्यावश्यक असते, आणि कुरबुरीही वेळीच कळतात. मेंटॉरला जावेच लागले, तर मुलाला आधी सांगून, नीट निरोप घेऊन जोडी थांबवली जाते.

ओरेगॉनमधील पोर्टलंड शहरात १९९३ साली सुरू झालेल्या ‘फ्रेंड्स ऑफ द चिल्ड्रन’ने वेगळी वाट धरली. तिथे मेंटॉर पगारी, पूर्णवेळ असतात. बालवाडीच्या वयात निवडलेल्या मुलाला शालेय शिक्षण संपेपर्यंत, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, सोबत देण्याची हमी संस्था घेते. खर्च अर्थातच मोठा आहे. मुंबईत ‘मेंटॉर मी इंडिया’ ही संस्था अल्प उत्पन्न गटातील मुलांसाठी स्वयंसेवकांच्या मदतीने एकास एक मेंटॉरिंग करते.