विमानाचें थंड इंजिन

पौषांतल्या पहांटे आमच्या मिरजगांवीं खोबरेल थिजतें. ऊन दाखविल्यावांचून तें बाटलींतून निघत नाहीं. लहान विमानाच्या पेट्रोल-इंजिनाचीही गत तशीच. थंडीनें वंगण दाट होतें, पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं आणि बॅटरीचा जोर ओसरतो.

१९२९ सालीं जे. आर. डी. टाटा यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. त्या काळीं पंखा हातानें फिरवीत. आतां किल्ली पुरते. थंडीचा स्वभाव मात्र पालटलेला नाहीं. म्हणून कित्येक विमानांत ‘प्रायमर’ नांवाच्या पिचकारीनें आधीं थोडें पेट्रोल सोडतात. तें अधिक झाल्यास साचून भडका उडण्याचें भय असतें.

लायकमिंग कंपनी आपल्या बहुतेक इंजिनांस उणे १२ अंश सेल्सिअसखालीं प्रथम बाहेरून ऊब द्यावयास सांगते. आपल्याकडे तेवढा गारठा नसतो. येथें धीर पुरतो. इंजिन सुरू होतांच वंगणाच्या दाबाचा कांटा सुमारें अर्ध्या मिनिटांत चढला पाहिजे. न चढल्यास तें तत्काळ बंद करावें. चढल्यावरही तें ऊन होईपर्यंत मंदच चालवावें. कारण वंगण सर्वत्र पोहोंचण्यापूर्वीं धातूवर धातू घासतो, आणि त्या झिजेचें फळ आकाशांत भोगावें लागतें. इंजिन सुरू झालें म्हणजे उड्डाणास सिद्ध झालें, असें नव्हे.